तीनदा नापास झालेला रणगाडा

ताईचा फोन आला तेव्हा मी गुरुवारच्या सुट्टीचा सदुपयोग करत होतो, म्हणजे झोपलो होतो. आमच्या भोसरीकडच्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, आणि त्या दिवशी साडेनऊपर्यंत मला कोणी उठवायचं नाही असा माझ्या घरात नियम आहे. तो नियम तेव्हा फक्त मीच पाळायचो. फोन बायकोनं घेतला. ती नुसतं "हो ताई... हो ताई..." म्हणाली आणि माझ्या पावलावर हात ठेवला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तिनं मला उठवताना कधी इतका हळू हात लावलेला नाही. तेव्हा काहीतरी विपरीत झालंय हे मला डोळे उघडायच्या आधीच कळलं.

दाजी गेले होते. माझ्या थोरल्या बहिणीचे मिस्टर, वसंत सोनवणे. मोशीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, पोहे खाऊन, खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या. मांडीवर वीतभर लांबीचा प्लास्टिकचा रणगाडा होता. ताईनं चहा घेणार का म्हणून विचारलं, उत्तर आलं नाही, ती जवळ गेली आणि तिला सगळं समजलं. नंतर तिनं मला सांगितलं की तिनं सगळ्यात आधी काय केलं असेल तर तो रणगाडा दोन्ही हातांनी अलगद उचलून टीव्हीशेजारी ठेवला, आणि मग शेजाऱ्यांना हाक मारली. "माणसं येणार, धरणार, उचलणार... कुणाचा तरी धक्का लागला असता रे," ती म्हणाली आणि काही गुन्हा केल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "बरोबर केलंस." दाजींना शेवटच्या क्षणी शुद्ध असती तर त्यांनीही तेच सांगितलं असतं. कारण तो रणगाडा अजून पास झालेला नव्हता. काळेवाडीच्या इनामदार चाचांनी तो तीन वेळा नापास केला होता. चौथ्यांदा दाखवायला येत्या रविवारी जायचं ठरलं होतं, आणि गुरुवारीच हे असं झालं.

दाजींना ओळखणाऱ्या माणसाला यात हसण्यासारखं काय आहे ते लगेच कळेल. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याचं काम नापास केलं, त्या माणसाला नापास करणारा भेटला तो थेट साठीनंतर.

दाजी एका मोटारीच्या कंपनीत पेंट शॉपला होते, इन्स्पेक्शनला. रंगवून आलेली गाडीची बॉडी ट्यूबलाइटांच्या बोगद्यातून पुढे सरकायची आणि दाजी हातात पांढरे सुती मोजे घालून तिच्यावरून तळहात फिरवायचे. डोळ्यांना दिसत नाही ते तळहाताला कळतं, असं ते म्हणायचे. रंगात अडकलेला धुळीचा कण, एखादा ओघळ, किंवा रंग नीट न पसरल्यामुळे पत्र्यावर उमटणारी संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत जागा... हात तिथं थांबायचा, खडूचा गोल पडायचा, बॉडी परत. आपल्याला आरशासारखी दिसणारी गाडी दाजींना रस्त्यातल्या खड्ड्यांसारखी दिसायची. आणि ही सवय कंपनीच्या गेटवर पंच करून ठेवून येता येत नाही. लग्नाच्या पंगतीत स्टीलचं ताट आलं की ते आधी उजेडात तिरकं धरायचे. कुणी नवीन फ्रिज घेतला की लोक पेढे देण्याआधी दाजींना विचारायचे, "बघा बरं, ठीक आहे ना?" आणि दाजी हात फिरवून म्हणायचे, "ठीक आहे... डावीकडे खाली सोडलं तर." मग त्या घरातले लोक आयुष्यभर डावीकडे खालीच बघत बसायचे.

ताईला बघायला आले तेव्हाचा किस्सा आमच्या घरात अजून सांगतात. मी तेव्हा बारावीला पहिल्यांदा नापास झालो होतो, आणि पाहुण्यांसमोर जाऊ नकोस अशी मला सक्त ताकीद होती. म्हणून मी पडद्याआडून सगळं पाहिलं. आमच्या वडिलांनी त्या कार्यक्रमासाठी घरचं लोखंडी कपाट स्वतः हिरव्या रंगानं रंगवून काढलं होतं. दाजी आले, बसले, आणि सहज म्हणून शेजारच्या कपाटावर हात ठेवला. हात खाली सरकत गेला, थांबला. "इथं ओघळ आलाय," ते म्हणाले, "थिनर जास्त झालं." माझ्या आईचा चेहरा पडला. वडील मात्र चष्मा शोधून घेऊन आले आणि म्हणाले, "कुठं?" मग ते दोघं कपाटापुढं उकिडवे बसले आणि थिनर, ब्रश, उन्हात वाळवावं की सावलीत यावर बोलत राहिले. ताई चहाचा ट्रे घेऊन उभी. चहाला साय धरली. "मला बघायला आले आणि कपाट बघून गेले," असं ताई आजही म्हणते. रात्रीच्या जेवणाला वडिलांनी एवढंच सांगितलं, "पोरगा कामाचा आहे."

मी पुढं पॉलिश-बफिंगच्या धंद्यात पडलो. शिक्षणानं मला सोडलं आणि मी शिक्षणाला, त्यामुळे हाच एक रस्ता उरला होता. माझं भोसरीला छोटं युनिट आहे. पितळी नळ, स्टीलचे हँडल, मशीनचे सुटे भाग खरबरीत येतात आणि आरशासारखे होऊन जातात. माझा अन् दाजींचा धर्म एकच, असं मला बरीच वर्षं वाटायचं. जे खरबरीत ते वाईट, जे गुळगुळीत ते चांगलं. या समजुतीनं पुढं काय घोळ घातला ते सांगतोच.

निवृत्तीनंतर दाजी घरात फार दिवस सुखानं राहिले नाहीत. म्हणजे दाजी राहिले, ताई राहिली नाही. ते भांड्यांची तपासणी करू लागले. शेवटी त्यांच्या मुलीनं बंगळुरूहून बापासाठी एक खोका पाठवला. त्यात एका जुन्या रशियन बनावटीच्या रणगाड्याचे शेकडो बारीक भाग होते, खऱ्यापेक्षा पस्तीस पट लहान. चिकटवायचे, रंगवायचे. "पप्पांना टाइमपास," असं तिनं चिठ्ठीत लिहिलं होतं. दाजींनी तो महिनाभरात जोडला आणि रंगवला. मला बघायला बोलावलं. काय सांगू तुम्हाला, शोरूममधून दसऱ्याला बाहेर काढलेल्या गाडीसारखा झळकत होता. मी म्हटलं, "दाजी, तोड नाही." माझं मत तेव्हा असं होतं.

इनामदार चाचा दाजींच्या ओळखीचे होते ते स्कूटरमुळे. काळेवाडीत त्यांचं दुचाकीचं गॅरेज, आता मुलगा चालवतो. चाचा मूळचे साताऱ्याकडचे, ऐन उमेदीची वर्षं फौजेत घालवलेली, आणि तीही रणगाड्याचे ड्रायव्हर म्हणून. निवृत्तीनंतर गॅरेज टाकलं. मग काचबिंदूनं हळूहळू डोळे खाल्ले आणि गेली काही वर्षं ते गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून नुसत्या आवाजावरून स्कूटरचा आजार सांगत बसतात. दाजींकडचा रणगाडा नेमका चाचांनी चालवलेल्या जातीचाच निघाला. दाजींना कोण आनंद! पिशवीत फडक्यात गुंडाळून ते घेऊन गेले. मीही सोबत होतो, कारण दाजींना शाबासकी मिळताना बघायला मला आवडायचं, त्यातली थोडी माझ्याही अंगावर उडायची.

चाचांनी रणगाडा मांडीवर घेतला. दोन्ही हात फिरवले. पुन्हा फिरवले. मग म्हणाले, "ह्ये काय हाय, सोनवणेसाहेब? साबणाची वडी?"

गॅरेजमधली पोरं फिदीफिदी हसली. दाजी म्हणाले, "चाचा, तुमचाच रणगाडा आहे. तुमच्या वेळचा."

"आरं, कसला माझा! माझ्या गाडीवर हात फिरवला तर हाताची सालटी निघायची. वरचा घुमट वाळूच्या साच्यात वतलेला असतो, साहेब. त्याला खवलं असत्यात. ह्यो तर न्हाऊन-धुऊन पावडर लावून आलाय." हात अजून तसाच रणगाड्यावर होता. "डोळं गेल्यापासनं ती गाडी मला धड आठवत न्हाई. फोटू हाय घरात, पर फोटूचा मला काय उपेग? वाटलं हुतं, हाताला तरी आठवंल... न्हाई आठवली. नापास."

परत येताना मोशीचा पूल आला तेव्हा दाजी म्हणाले, "संजू, त्यांच्या हाताला ती गाडी आठवली पाहिजे." एवढंच. त्या दिवसापासून दाजींच्या आयुष्यात दुसरं काही नव्हतं.

आता गंमत बघा. रणगाड्याच्या घुमटावर चाचांना जे हवं होतं ते म्हणजे नेमकी ती संत्र्याची साल. ज्याच्यासाठी दाजींनी तीस वर्षं गाड्या परत पाठवल्या, तेच आता त्यांना स्वतःच्या हातानं आणायचं होतं. आणि ते येईना! "चुकून किती सहज व्हायचं रे हे पोरांकडून," ते हताश होऊन म्हणायचे. "मुद्दाम करायला गेलं की होत नाही." मग प्रयोग सुरू झाले. पुट्टी थिनरमध्ये पातळ करून जुन्या टूथब्रशनं टोचे मारून बघितले. त्यात ताईची रांगोळी मलमलच्या फडक्यातून गाळून मिसळली. ओल्या रंगावर बारीक मीठ टाकून, वाळल्यावर ते खरवडून, पोपडे उडालेला रंग आणि खालचा गंज काढला. जोडांवरचं वेल्डिंग करायला पुट्टीची शेवयांसारखी वळी वळली आणि सुईनं एकेक खाच पाडली. ताई स्वयंपाकघरातून ओरडायची, "माझी चहाची गाळणी कुठाय?" आणि हॉलमधून उत्तर यायचं, "युद्धावर गेलीये!" यात खरी अडचण वेगळी होती आणि ती मला दाजींनी फार मनापासून समजावून सांगितली होती. डोळ्यांसाठी रणगाडा करायचा तर खरबरीतपणाही पस्तीस पट बारीक करायचा. पण बोट काही पस्तीस पट लहान होत नाही. एवढं बारीक केलेलं बोटाला लागणारच नाही. मग बोटासाठी किती करायचं? याचं उत्तर कोणत्याच पुस्तकात नव्हतं, कारण आंधळ्या ड्रायव्हरसाठी कुणी पुस्तक लिहिलेलं नव्हतं. दाजी डोळ्यांवर ताईची ओढणी बांधून बसायचे आणि हात फिरवायचे. गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसानं एकदा हे दृश्य पाहिलं आणि पावती न देताच गेला.

तीन आठवड्यांनी घुमट जमला. दाजींनी तो सुटा करून टेबलावर वाळत ठेवला आणि ते इंद्रायणीकाठी माती आणायला गेले. आणि त्या दुपारी मी तिथं पोचलो. ताई आत पोळ्या लाटत होती. मी घुमट उचलला, बोट फिरवलं, आणि चाचांची खवलं, दाजींचं समजावणं सगळं विसरून माझ्यातला कारागीर जागा झाला. अरेरे, मी म्हटलं, काय हे दाजींचं झालंय! वय झालं, हात थरथरत असणार, किती पुट्टी राहिलीये वर. बोलणार नाहीत बिचारे. आपण गुपचूप मदत करून टाकावी. माझ्या स्कूटरच्या डिकीत वॉटर पेपर, म्हणजे बारीक पॉलिश पेपर, कायम असतो. पाण्यात बुडवून, गोल गोल फिरवत, वीस मिनिटांत मी त्या घुमटाचा असा काही आरसा केला की त्यात पंखा दिसत होता. पुसून जागेवर ठेवला आणि चहाची वाट बघत समाधानानं बसलो.

दाजी आले. माती खाली ठेवली, घुमट हातात घेतला. मी आपला हसतोय. त्यांनी त्यावरून तळहात फिरवला, सवयीप्रमाणे, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. खूप वेळ गेला. ताई पोळपाट सोडून दारात येऊन उभी राहिली, कारण तिला माझ्या आधी कळलं होतं. मग दाजी म्हणाले, "फिनिश चांगलं आलंय, संजू." आणि आत जाऊन हात धुऊन आले, आणि पुट्टीचा डबा उघडला. मला ते तेव्हाही ओरडले नाहीत आणि नंतरही नाहीत. ताईनं मात्र दोघांच्या वाटचं ओरडून घेतलं, आणि मी निघताना माझ्या डिकीतला वॉटर पेपर काढून घेतला तो अजून परत दिलेला नाही.

दुसऱ्या वेळी चाचांकडे गेलो तेव्हा त्यांचा हात घुमटावर गेला आणि थबकला. "हां..." ते म्हणाले, "ह्यो वळखीचा हाय." दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. पण मग हात खाली पट्ट्यांवर गेला, चाकांमधल्या मातीत अडकला. "ही माती कुठली?"

"मोशीची. नदीकाठची. चाळून, वाळवून..."

"आवो साहेब, आमी जैसलमेरकडं हुतो. तिकडं रेती मैद्यावानी, नाका-कानात जायाची. तुमी तर रणगाड्यानं नांगरट करून आणलीय. नापास!"

चाचा मैद्यावानी म्हणाले आणि दाजींनी ते तंतोतंत मनावर घेतलं. आठवड्यानं ताईचा फोन आला, "संजू, रणगाड्याला मुंग्या लागल्यात." सगळा खालचा भाग धुऊन काढावा लागला. शेवटी अंगाला लावायची पावडर आणि चिमूटभर गेरू यावर सौदा पटला. घरात महिनाभर तान्ह्या बाळाचा वास येत होता.

तिसऱ्या वेळी चाचांनी पुष्कळ वेळ घेतला. घुमटावरून हात खाली, खालून मागं, मागून पुढं. मान हलवत होते. दाजी खुर्चीच्या कडेवर आलेले. आणि मग चाचांचं बोट रणगाड्याच्या पुढच्या डाव्या बाजूला एका गोल तोंडापाशी गेलं. ड्रायव्हर आत उतरतो ते तोंड, झाकण उघडं ठेवलेलं. माणसाच्या अंगठ्याचं टोक बसेल एवढंच.

"सगळं बराबर हाय," चाचा म्हणाले. "पर हितं कुणी बसलेलं न्हाई."

"म्हणजे?"

"दिवसातनं पन्नास बारी आत-भाईर व्हायचं, साहेब. हात हितंच, ह्या कडंवर. सगळी गाडी खरबरीत, पर हितलं लोखंड... बायकांच्या हातातल्या जुन्या बांगडीवानी झालेलं असायचं. अंधारात पण आमी हितं हात लावून सांगायचो, आपली गाडी हाय का दुसऱ्याची. ही गाडी कारखान्यातनं आलीय, कुणी चालवलेली न्हाई. नापास."

वाटेत मी म्हटलं, "दाजी, हे तर माझंच काम. एवढीशी कड, बफ लावून दोन मिनिटांत करून देतो."

"तुझ्या हातात?" दाजी म्हणाले. "एकदा सापडला होता." आणि मग इतके मोठ्यानं हसले की सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. त्या घुमटाबद्दल ते एवढंच बोलले आयुष्यात.

त्यांनी बफही लावला नाही आणि पेपरही. पेन्सिलीच्या शिशाची पूड त्या कडेवर लावली, आणि रोज नाश्त्यानंतर खुर्चीत बसून अंगठ्यानं ती कड चोळायला लागले. टीव्ही बघताना, पेपर वाचताना, ताईशी बोलताना. मी विचारलं तर म्हणाले, "हातानं झिजलेलं निराळं लागतं रे. मशीननं केलेलं सगळीकडे सारखं होतं. माणूस एका बाजूनं जास्त धरतो." सव्वा महिना हे चाललं. ताई म्हणायची, "माझे पाय दुखतात ते कधी चोळले नाहीत..." पण शेजारी बसून भाजी निवडायची. ते दिवस चांगले गेले असं ती आता सांगते. दोघं खिडकीत, ऊन येतंय, एकाचा अंगठा चाललाय आणि एकीची मेथी. गुरुवारी सकाळीही तेच चाललं होतं.

दाजींच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी चाचा सुनेचा हात धरून मोशीला आले होते. बुद्धवंदना झाली, लोक दाजींबद्दल बोलले, चाचा मागच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसून राहिले. रणगाड्याचं नावही काढलं नाही. मलाही काढावंसं वाटेना. पण पुढच्याच आठवड्यात ताई म्हणाली, "त्यांचा रविवार राहिलाय. जाऊन येऊ."

मी टाळाटाळ केली. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. चाचांनी परत नापास केला तर? आता दुरुस्त करायला कोण बसणार आहे? मी? आणि त्याहून मोठी भीती अशी, की गेलेल्या माणसाची दया येऊन चाचांनी नुसतं बरं वाटावं म्हणून पास केला तर काय? दाजींचा सगळा जन्म अशी दया न दाखवण्यात गेला होता. ताईला मी यातलं पहिलं सांगितलं, दुसरं सांगितलं नाही. तिनं रणगाडा फडक्यात गुंडाळला आणि चपला घातल्या.

काळेवाडीत पोचलो तर चाचा दारातच होते. मी बोलायला तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "चाचा, एक अट आहे. ते गेलेत म्हणून पास करायचं नाही."

मुलाच्या हातातला पाना तसाच राहिला. चाचा सरळ बसले. "वैनी," ते म्हणाले, "मी फौजेतला मानूस हाय. खोटी गाडी खरी म्हननार न्हाई. द्या हिकडं."

हात घुमटावर गेला. मागं गेला. तिथं धूर सोडायच्या नळीजवळ थांबला. "ह्ये जरा चुकलंय, आमच्या गाडीवर ही जाळी दबलेली असायची," असं म्हणाले आणि मी ताईकडे पाहिलं. हात पट्ट्यांवरून पुढं सरकला, वाळूवरून गेला, वर चढला, आणि अंगठा त्या तोंडाच्या कडेवर टेकला. एकदा फिरला. डाव्या बाजूला, जिथं दाजींनी जास्त चोळलं होतं, तिथं थांबला. मग अंगठ्याचं टोक हळूच आत उतरलं.

मागं कुणाची तरी बाइक चालू होती, मुलानं ती बंद केली. आणि मग मी पाहिलं, चाचांचा डावा पाय चपलेसकट पुढं सरकला आणि जमिनीवर दाबला गेला. थोडा वेळ दाबलेला राहिला, हळूहळू सुटला. पुन्हा दाबला गेला. "अब्बा?" मुलगा म्हणाला. चाचांनी त्याला हातानं गप्प केलं. पाय एका ठरावीक लयीत चालला होता, क्लच दाबावा तसा, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी दुसरीकडे बघायला लागलो. ताई मात्र बघत राहिली.

"कशानं घासलंय?" चाचांनी विचारलं.

"अंगठ्यानं," ताई म्हणाली. "सव्वा महिना."

"हितं मानूस बसलाय, वैनी," चाचा म्हणाले. "आठवली गाडी. पास हाय."

ताईनं डोळ्याला पदर लावला आणि लगेच विचारलं, "आणि ती जाळी?"

"जाळी चुकलीय ती चुकलीय," चाचा म्हणाले. "पास म्हंजी शंभर टक्के न्हाई." ताई हसली. मीही हसलो. दाजी गेल्यापासून आम्ही भावंडं एकत्र हसलो ते तेव्हाच. रणगाडा ताईनं तिथंच ठेवला. घरी नेऊन मी काय करू, ती म्हणाली, माझा काही परवाना नाही.

आता दर गुरुवारी साडेनऊपर्यंत झोपायचा नियम मीच मोडलाय. स्कूटरला काही झालेलं नसलं तरी मी काळेवाडीला जातो. बायकोला सांगतो, ब्रेक बघून येतो. चाचा दारात खुर्चीत असतात. मांडीवर रणगाडा, अंगठा त्या तोंडात, कडेवरून फिरणारा, आणि मध्येच डावा पाय जमिनीवर दाबला जातो. येणारे-जाणारे आता तिकडे बघतही नाहीत. परवा मी जाऊन शेजारच्या स्टुलावर बसलो. हवा छान होती, मुलानं आतून चहा सांगितला होता.

"कुठं निघालात, चाचा?" मी विचारलं.

"कुठं न्हाई. सोनवणेसाहेबांची गाडी हाय, उभी ठिवली की खराब हुती," ते म्हणाले आणि पुन्हा क्लच दाबला.